जाऊबाईंचे पांढरे पाय

माझ्या थोरल्या जाऊबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्याच संध्याकाळी आमच्या बेकरीच्या भट्टीची कमान कोसळली.

मी तेव्हा या घरात नव्हते, दोन वेण्या घालून शाळेत जात होते. पण ही हकीकत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की त्या विटांची धूळ माझ्याही नाकात गेली असावी असं वाटतं. पाहुण्यांचा चहा नुकताच झाला होता. कोणी चपला शोधत होतं, कोणी निघता निघता दारात उभं राहून पुन्हा गप्पांना बसण्याच्या बेतात होतं. तेवढ्यात मागच्या बाजूने आवाज झाला. सगळे अंगण ओलांडून भट्टीघरात धावले, तर भट्टीच्या जागी विटांचा ढीग आणि ढिगाखाली दुसऱ्या दिवशीचे पाव. भट्टी सांभाळणारे आमचे मास्तर कधीपासून सांगत होते की कमानीला तडा गेलाय, एकदा गवंड्याला दाखवा. पण तडा बोलत नाही, आणि मास्तर फार बोलतात, म्हणून दोघांकडेही कोणी लक्ष दिलं नव्हतं. सासूबाईंनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग नव्या सुनेच्या पायांकडे पाहिलं, आणि निकाल देऊन टाकला.

"पांढऱ्या पायाची आहे."

नवी भट्टी बांधून होईपर्यंत आमच्या घरी समोरच्या बेकरीतला पाव यायचा. पाववाल्याच्या घरी विकतचा पाव, आणि तोही समोरच्याचा. सासूबाई तो पिशवीत घालून, वर पालेभाजी पसरून आणवायच्या. खरं दुखणं हे होतं. कमान परत बांधता येते, पण समोरच्या बेकरीवाल्याने "आज किती देऊ?" असं गोड हसून विचारलेलं विसरता येत नाही. त्यामुळे नवी भट्टी पेटली त्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. "थोरलीनं घरात, दुकानात काय वाटेल ते करावं. भट्टीघरात मात्र तिनं पाय टाकायचा नाही."

जाऊबाईंनी मान डोलावली आणि नियम पाळला. भट्टीघराच्या दारातून दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं. जाऊबाई वरच्या उंबऱ्याच्या अलीकडे स्टूल टाकून बसायच्या. पीठ चाळायच्या, साचे घासायच्या, कागद कापायच्या. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, दुपारी दुखरा गुडघा शेकत भट्टीघरातल्या बाकावर झोपत. झोपण्याआधी ते हमखास म्हणायचे, "ये गं आत. ती कोठीत आहे, तिला काय कळतंय?"

मास्तरही म्हणायचे, "या वहिनी. मी भिंतीकडे तोंड करतो. मी काही पाहिलं नाही."

जाऊबाई हसायच्या. "चोरून आले तर पाय पांढरेच राहतील, मास्तर. ज्यांनी नको म्हटलं, त्यांच्याच तोंडून 'जा' ऐकायचंय मला. घाई नाही."

घाई नाही असं तोंडाने म्हणायच्या. पण भट्टीचं लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं आणि मान तिकडे वळायची. मिठाईच्या दुकानासमोरून आईचा हात धरून ओढत नेलेलं मूल मागे वळून पाहतं, तशी.

आणि भट्टी त्यांना नुसत्या मानासाठी हवी नव्हती. त्यांचे वडील एका इस्पितळाच्या मुदपाकखान्यात आचारी होते. फळवाले डागाळलेली, आपटलेली सफरचंदं, नासपती, आलुबुखार इस्पितळाला स्वस्तात टाकून जात. वडील त्यांचा खराब भाग काढून जाड फोडी करत, साखर, लिंबू आणि दालचिनी लावत, मैद्याच्या लोणी घातलेल्या पारीत त्या बंद करून भाजत. चारी बाजूंनी बंद, म्हणून ते त्याला 'पेटी' म्हणत. तोंडाची चव गेलेले रोगी औषधाला नाही म्हणत, पण पेटीला म्हणत नसत. एवढा एकच हुन्नर जाऊबाई माहेरून घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे त्या वरच्या स्वयंपाकघरात, झाकणाच्या पातेल्यात, खाली आच आणि झाकणावर निखारे ठेवून पेटी भाजायच्या. ती वरून फिकट राहायची आणि खालून काळी व्हायची. "पेटीला सगळ्या अंगाने सारखी ऊब लागते," त्या म्हणायच्या. "हे म्हणजे अंगात स्वेटर आणि बूड चटक्यावर."

मी धाकटी सून होऊन आले त्या पहिल्याच रविवारी त्यांनी बशीतून एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. मी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "जाऊबाई, हा तर पाय आहे."

"कोणाचा?" त्यांनी आपल्या आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"सफरचंदाचा."

मग समजावून सांगावं लागलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुख्य सिस्टरांच्या वाढदिवसाला प्रत्येकीला एक चतकोर मिळायचा. इंग्रजीत त्याला पायच म्हणतात. जाऊबाईंनी ते ऐकलं, आणि हळूहळू हसू त्यांच्या पोटातून वर यायला लागलं. शेवटी त्या फरशीवर बसल्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी पायच करतेय, आणि बंदी पायालाच आहे." डोळे पुसता पुसता त्या एकदम थांबल्या. "धाकटे, आईंनी काय सांगितलंय? भट्टीघरात मी पाय टाकायचा नाही. बरोबर? मास्तरांनी टाकला तर?"

दुसऱ्या दिवशी पावांचा घाणा निघाल्यावर जाऊबाईंनी उंबऱ्यावर एक पाय ठेवला, अर्थात सफरचंदाचा. मास्तरांनी आतून लांब दांड्याचं लाकडी फावडं पुढे केलं आणि तो उचलून भट्टीत सरकवला. पाय आत गेला, जाऊबाई बाहेर राहिल्या, आणि नियमाला कुठे खरचटलंसुद्धा नाही.

तो पहिला भट्टीतला पाय मला अजून दिसतो. कडा सोनेरी, मध्ये वाफेसाठी पाडलेल्या चिरांतून रस वर येऊन डिंकासारखा चिकटलेला, आणि उरलेल्या कणकेच्या पानांची नक्षी. सुरी लावली की आवरण चुरचुरून मोडलं आणि आतली वाफ दालचिनीचा वास घेऊन छतापर्यंत गेली. पाय गरम असताना खायची घाई करणाऱ्याची जीभ भाजते, आणि फार थांबणाऱ्याच्या वाट्याला तो उरत नाही. या दोहोंच्या मधला जो क्षण असतो तो ओळखता येणं हेच पाय खाण्यातलं शहाणपण. मामंजी आधी आतलं फळ चमच्याने संपवत आणि रिकामं घर मागे ठेवत. थोरले दीर कडा आधी खात, आवडीचं शेवटी ठेवत आणि तोवर कोणीतरी ते पळवत असे. आमचे हे चहात बुडवत. मी कधी काही बोलले नाही, कारण लग्न नवीन होतं.

सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "बरं आहे. तुझ्या पेटीहून वेगळं दिसतंय, काय म्हणतात याला?"

"पेटीच," जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. तेव्हापासून सासूबाईंपुढे पेटी आणि बाकी सगळ्यांपुढे पाय, असं आमच्याकडे ठरून गेलं.

पुढे एकदा आमच्या शाळेच्या मुख्य सिस्टर दुकानात आल्या असताना मी त्यांना हे 'पेटी' नाव सांगितलं. त्यांना फार गंमत वाटली. त्या म्हणाल्या, "तुझ्या जावेचे वडील बरोबर बोलत होते. फार जुन्या काळी पायाचं आवरण खायचं नसेच. जाड, टणक कणकेची भिंत, आत भरलेलं टिकावं म्हणून. भांडंच ते. त्यालाही पेटीच म्हणत. पुढे कोणीतरी त्यात लोणी घातलं आणि भांडंसुद्धा खाण्याजोगं झालं." पाय हे नाव एका पक्ष्यावरून आलं असंही काही जण म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. तो पक्षी इथलं तिथलं काहीबाही गोळा करून घरट्यात भरतो, तसं हेही आत काहीबाही भरलेलं. खात्री कोणालाच नाही. जाऊबाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या पारी लाटत होत्या. "म्हणजे भांडं घासायचा कंटाळा आलेल्या बाईनंच हे शोधलं," त्या म्हणाल्या.

पायाच्या पारीला गार हात लागतात. उबदार हातात लोणी वितळतं आणि पारी चिवट होते. जाऊबाईंचे हात बारा महिने गार. सासूबाई त्यावरही म्हणायच्या, "हात गार, पाय पांढरे, काय एकेक घेऊन आलीय." पण पारी त्यांच्याच हाताची खुसखुशीत व्हायची. अडचण पुढे होती. मास्तरांचा हात पावाचा. पावाला सणसणीत आच लागते, पायाला पाव निघून गेल्यावरची उतरती ऊब लागते, आणि भट्टी मागच्या बाजूला जास्त तापते म्हणून मध्येच जागा बदलावी लागते. ते कधी, हे पायाकडे बघून आणि रस खदखदल्याचा आवाज ऐकून ठरवायचं. जाऊबाई उंबऱ्यावरून सांगायच्या, "मास्तर, डावीकडचा पुढे घ्या. नाही, तुमचं डावं नाही, माझं." रस्त्याच्या कडेला उभं राहून दुसऱ्याला सायकल शिकवण्यातला तो प्रकार. काही पाय झकास निघत, काहींचं बूड ओलं राही, काही करपत.

थोरले दीर हिशेबी माणूस. ते एक दिवस जेवताना, सासूबाई ताक आणायला उठल्या तेव्हा, म्हणाले, "आपलं घर पावावर चालतं. पायांचे लाड पुरे."

"चालायला पायच लागतात रे," मामंजी म्हणाले.

"बाबा, थट्टा नको. अर्धे करपतात."

"अर्धे नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मागच्या रांगेतले."

"मग मागच्या रांगेतल्यांकडे लक्ष कोण देणार?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं, आणि उत्तर सासूबाईंच्या रिकाम्या पाटाशेजारी बसून जेवत होतं.

अशातच सिस्टरांच्या निवृत्तीचा चहा ठरला. साऱ्या शाळेचा, पालकांसकट. सिस्टरांनी केक नको म्हणून सांगितलं आणि आमचे पाय मागवले. सासूबाई हरखल्या. कॉन्व्हेंटची ऑर्डर, आणि ती समोरच्याला नाही तर आपल्याला. थोरल्या दिरांनी मात्र तेव्हाच सांगून ठेवलं, "हे नीट पार पडलं तर पेटी चालू. फसलं तर बंद, पुन्हा विषय काढायचा नाही." सासूबाईंनी मान डोलावली. त्या रात्री भांडी आवरताना मी जाऊबाईंना म्हटलं, "आईंना सरळ विचारा ना, आत जाऊ का म्हणून."

"विचारलं आणि नाही म्हणाल्या तर?" त्या म्हणाल्या. "मग आशाही गेली. सध्या ती तरी आहे."

ऑर्डरच्या दिवशी सगळं सुरळीत चाललं होतं. एकामागून एक घाणे निघाले, दुकानातल्या फळ्यांवर पाय मांडून झाले. शेवटचा घाणा भट्टीत होता आणि नेमका तेव्हाच मैद्याचा ट्रक आला. तो उद्या यायचा होता. अर्धा रस्ता अडला, मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. मास्तर, थोरले दीर आणि आमचे हे, तिघेही पोती उतरवायला पुढे धावले. भट्टीघरात बाकावर मामंजी, पाय भट्टीकडे लांब करून, गाढ झोपेत. उंबऱ्यावर जाऊबाई. अंगणाला लागून असलेल्या कोठीत सासूबाई मनुका निवडत होत्या. आणि मी वर, मोरीत माझ्या बाळाला अंघोळ घालत होते.

मोरीची खिडकी अंगणावर आहे. आधी मला जाऊबाईंचा आवाज आला, "मास्तर. अहो मास्तर." मग "मामंजी, उठा." भोंग्यांपुढे मास्तरांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि झोपेत मामंजींना एरवीही ऐकू यायचं नाही. मग साखर जळल्याचा वास आला. मी खिडकीतून वाकले. भट्टीघराच्या दारातून धुराची रेघ बाहेर येत होती आणि जाऊबाई उंबऱ्याला चिकटून, चौकट घट्ट धरून उभ्या होत्या. माझ्या दोन्ही हातांत साबणाने बुळबुळीत झालेलं बाळ. मला एवढंच सुचलं, मी ओरडले, "पाय जळतोय! अहो कोणीतरी बघा, पाय जळतोय!"

सासूबाईंना 'पेटी' ठाऊक होती. 'पाय' त्यांना एकच ठाऊक होता, आणि तो दुपारी भट्टीकडे लांब करून कोण झोपतं हेही ठाऊक होतं.

त्या कोठीतून बाहेर आल्या तेव्हा मनुका अंगणभर सांडल्या. त्यांचेही गुडघे धड नव्हते. त्यांना धूर दिसला आणि दारात खिळल्यासारखी उभी असलेली थोरली सून दिसली.

"अगं, यांचा पाय जळतोय आणि तू बघत काय उभी राहिलीस? आत जा."

जाऊबाई वळल्या. मी वरून पाहत होते, त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसला. समजुतीचा घोटाळा झालाय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. धूर वाढत होता तरी त्यांनी विचारलं, "जाऊ?"

"जा म्हणते ना. जा."

जाऊबाई दोन्ही पायऱ्या एका ढांगेत उतरल्या.

पुढचं मी बाळाला टॉवेलात गुंडाळून खाली पोचले तेव्हा पाहिलं. भट्टीचं दार सताड उघडं. जाऊबाईंनी पदर खोचून ते लांब फावडं असं चालवलं होतं, जणू त्या जन्मापासून तेच करत आल्या असाव्यात. मागची रांग बाहेर, मधली पुढे, पुढची बाजूला. मागाहून लोकांनी सगळे पाय जळाले असं पसरवलं, ते खरं नाही. मागच्या रांगेतलेच करपले, त्यांतल्याही दोघांच्या नुसत्या कडा. सासूबाई चौकटीला धरून धापा टाकत होत्या आणि मामंजी बाकावर उठून बसले होते.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं.

"तुमचा पाय," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी आपले दोन्ही पाय पाहिले, बोटं हलवून पाहिली. "आहेत की."

"मग जळला कोणाचा?"

"सफरचंदाचा," जाऊबाई म्हणाल्या आणि पुढचा पाय बाहेर ओढला.

मला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगावं लागलं. इंग्रजी शब्द, पेटी, पाय, सगळं. सासूबाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या मान वर करून कमानीकडे पाहत होत्या. मग मामंजी बघायला लागले. मग मीही. कमान होती तिथेच, होती तशीच, धुराने जरा काळवंडलेली. मैदा उतरवून मास्तर आत आले, तर सगळं घर छताकडे टक लावून उभं आणि भट्टीपाशी वहिनी. तेही वर बघायला लागले.

"पुन्हा तडा गेला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या वरच्या पायरीवर बसल्या. मग त्यांनी मामंजींना विचारलं, "मी 'जा' म्हणाले?"

"मी झोपलो होतो."

"तीनदा म्हणालात, आई," जाऊबाई म्हणाल्या.

"तीनदा." सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "म्हणजे आता परत घेता येणार नाही. एकदा म्हटलं असतं तर बघितलं असतं." आणि मग मास्तरांकडे वळून, "तुम्ही काय तोंड बघताय? ती काढतेय ते उचलून दुकानात न्या. आणि त्या करपलेल्यातला एक मला द्या. इतका आरडाओरडा झाला, तो कशासाठी ते तरी कळू दे."

सिस्टरांचा चहा थाटात झाला. थोरल्या दिरांनी पुन्हा विषय काढला नाही. दुकानावर नवी पाटी लावायची ठरली तेव्हा रंगाऱ्याला 'ताजे पाव व पाय' असं लिहून दिलं. त्याला वाटलं आमची लिहिताना चूक झाली, म्हणून त्याने आपल्या हुशारीने 'ताजे पाव व पाव' असं रंगवलं. जाऊबाईंनी ती दुरुस्त करू दिली नाही. "राहू दे. विचारायला म्हणून तरी माणसं आत येतील," त्या म्हणाल्या. आणि येतात.

सासूबाईंनी 'पांढऱ्या पायाची' हा आपला शब्द मात्र कधी मागे घेतला नाही. पुढे त्यांचे दात गेले, आणि खरपूस कड चावेना. तेव्हा त्या वरून निरोप पाठवायला लागल्या, "थोरलीला सांगा, मला पांढरा पाय हवा." म्हणजे पुढच्या रांगेतला, लवकर काढलेला, फिकट आणि मऊ. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ते ऐकलं आणि दात नसलेले, दात असलेले, सगळेच पांढरा पाय मागायला लागले.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात एक शेजारीण भेटायला आली होती. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं आणि पाठोपाठ त्याची नोकरी गेली होती. ती सासूबाईंच्या उशाशी बसून दबक्या आवाजात म्हणाली, "काय सांगू, सून पांढऱ्या पायाची निघाली."

सासूबाईंनी डोळे उघडले. "मग रडतेस काय? आमचं दुकान त्यावरच उभं आहे."

मी हे सांगायला धावत खाली गेले. जाऊबाई भट्टीच्या तोंडाशी होत्या, कोपरापर्यंत पिठाने पांढऱ्या.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "वरची खिडकी उघडीच आहे." मग त्यांनी फावडं आत घातलं आणि पुढच्या रांगेतला एक पाय, अजून रंगही न धरलेला, अलगद बाहेर काढला. "हा वर ने. गरम आहे म्हणावं, घाई करू नका."